शेकरूचा वाढदिवस: १६ पानांचे चित्रपुस्तक कसे रचावे

प्राण्यांच्या वाढदिवसाचे चित्रपुस्तक करायला बसले की पहिल्या अर्ध्या तासात कागदावर हमखास तेच उतरते: ससा, अस्वल, हत्ती, लाल फुगे, तीन थरांचा केक आणि शेवटी टाळ्या. यात वाईट काही नाही, पण गोष्टही नाही. वाढदिवस हा नुसता एक दिवस असतो. त्याची गोष्ट व्हायची तर तो साजरा होण्यात काहीतरी आडवे यावे लागते. हे आडवे येणारे कारण प्राण्यांच्या राहणीतूनच, म्हणजे ते कुठे राहतात, काय खातात आणि कधी जागे असतात यातून निघाले, तर पुस्तक निम्मे झाले असे समजावे.

म्हणून आधी प्राणी निवडावेत आणि प्रसंग नंतर ठरवावा. उदाहरणादाखल शेकरू आणि साळिंदर घेऊ. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि १९८५ मध्ये जाहीर झालेले भीमाशंकरचे अभयारण्य प्रामुख्याने त्याच्यासाठीच ओळखले जाते. शेकरू दिवसा वावरते, झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत हिंडते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. साळिंदर बिळात राहते आणि अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही. या दोघांची गाठ पडणेच मुश्कील असताना शेकरूला आपल्या वाढदिवसाला साळिंदरच हवे आहे, एवढे ठरवले की अडचण आपोआप उभी राहते. त्यासाठी दुष्ट लांडगा किंवा हरवलेला केक आणावा लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. साळिंदर काटे फेकून मारते ही समजूत खोटी आहे. काटे सैल होऊन गळतात किंवा अंगाला भिडणाऱ्याच्या कातडीत रुतून राहतात. चित्रात ते बाणांसारखे सुटलेले दाखवले, तर मुले मोठेपणीही तेच खरे धरून चालतात.

आता पाने. छापील चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पाने अशाच पटीत पडतात. घरी करायचे असेल तर ए-४ आकाराचे चार कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडावेत. १६ पाने तयार होतात. मुखपृष्ठासाठी बाहेरून जाड कार्डशीट लावावे. पान १ वर शीर्षक, २ ते १५ मध्ये समोरासमोरची सात जोडपाने आणि पान १६ वर एक सुटे चित्र, असा हिशेब बसतो. गोष्टही या सात जोडपानांतच बसवावी, कारण वाचणारे मूल गोष्ट परिच्छेदांनी नव्हे तर पान उलटण्याने मोजते. शेकरू फांदीवरून जांभळे ठेवलेले पान खाली सोडते आणि ते पान बिळाच्या तोंडाशी जाऊन पडते, इथे जोडपान संपावे. साळिंदराला निमंत्रण कळले की नाही, हे पुढचे पान उलटल्यावरच दिसावे: जांभळांच्या त्या पानावर फक्त बिया उरल्या आहेत आणि शेजारी उत्तर म्हणून एक गळलेला काटा ठेवला आहे. प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर आले, तर पान उलटण्यात काही मौज राहत नाही.

चार कागदांच्या या पुस्तकात पान ८ आणि ९ हे एकच जोडपान असे असते की जे एका सलग कागदावर येते. बाकीच्या जोडपानांत डावे चित्र एका कागदावर आणि उजवे दुसऱ्यावर असते, त्यामुळे रेषा जुळवताना घडीजवळ ती हमखास एक-दोन मिलिमीटर सरकते. म्हणून सर्वांत मोठे चित्र मध्यावर ठेवावे. आपल्या गोष्टीत तिथे पुस्तक आडवे न धरता उभे फिरवायला लावणारे चित्र काढता येईल: वरच्या टोकाला घरट्यात झोपी गेलेले शेकरू, मध्ये उंच झाड आणि पार खाली मुळांशी बिळातून नुकतेच डोके काढणारे साळिंदर. पुस्तक फिरवण्याचा हा एक प्रकार मुलांना इतका आवडतो की तो दुसऱ्यांदा करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

चित्र आणि शब्द यांनी कामाची वाटणी करून घ्यावी, हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. माझ्या पहिल्या कच्च्या प्रतीत साळिंदर येत नाही त्या पानावर ‘शेकरूला फार वाईट वाटले’ असे वाक्य होते आणि चित्रात शेकरू आपली झुपकेदार शेपटी तोंडावर ओढून बसलेले होते. वाचून दाखवताना पाच वर्षांची एक मुलगी चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “ते तर दिसतंच आहे.” वाक्य त्याच दिवशी खोडले. याच्या उलट, शब्दांनी एक सांगावे आणि चित्राने त्यात गुपचूप भर घालावी, ही खरी गंमत आहे. साळिंदर हाडे आणि गळून पडलेली शिंगे कुरतडते, कारण त्यातून त्याला कॅल्शियम मिळते. तेव्हा मजकुरात एवढेच असावे: ‘साळिंदराने भेट आणली, सांबराचे अख्खे शिंग.’ चित्रात मात्र ते शिंग एका टोकाला कुरतडलेले असावे. ही लबाडी मोठ्यांच्या आधी मुलांनाच सापडते.

अडचण सोडवण्याचे काम शहाण्या घुबडावर किंवा आजोबा कासवावर सोपवू नये. शेकरूने थोडे उशिरा झोपावे, साळिंदराने थोडे लवकर उठावे आणि दोघांची भेट दिवेलागणीला व्हावी. हे त्या दोघांनाच सुचले पाहिजे. गोष्ट मृगाच्या तोंडावरची ठेवली तर जांभळे पिकलेली असतात आणि सह्याद्रीत काजव्यांचेही तेच दिवस असतात. फुंकून विझवायच्या मेणबत्त्यांऐवजी आपल्या घरी औक्षणाचे निरांजन असते. त्या जागी काजव्यांनी उजळलेले झाड आले, तर शेवटचे जोडपान एकही शब्द न लिहिता उभे राहते. त्यासाठी आधीच्या पानांवर पिवळा रंग हात राखून वापरावा.

भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. शेकरू आणि साळिंदर हे शब्द आपण बहुधा नपुंसकलिंगी वापरतो आणि मराठीत ‘ते बाळ’, ‘ते पिल्लू’ म्हणताना जी माया असते ती इथे आयती मिळते. उगीच ‘शेकरूदादा’ करून ती घालवू नये. एका जोडपानावर दोन-तीन वाक्ये पुरतात. ओळ तोडायची ती जागा भरली म्हणून नव्हे, तर वाचणारा श्वास घेईल तिथे तोडावी. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे अक्षर मोठे ठेवून ओळींमधले अंतर नेहमीपेक्षा वाढवावे. आणि घडीपासून निदान दीड सेंटिमीटर आत मजकूर येऊ देऊ नये, नाहीतर ‘शेकरू’तले ‘रू’ शिवणीत जाते.

रंगवण्याआधी सगळे पुस्तक पेन्सिलीने, काड्यांच्या आकृत्यांनी, लहान आकारात एकदा करावे आणि दोन-तीन मुलांना वाचून दाखवावे. मुलांना ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण ती हो म्हणतात. त्यांचे हात पाहावेत: कुठल्या पानाला ती मागे वळतात आणि कुठले पान तुमचे वाचून होण्याआधीच उलटतात. घाईने उलटलेल्या पानावरचा मजकूर निम्मा करावा.

शिवणीसाठी घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत. जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, तिथून थेट खालच्या भोकातून बाहेर काढावा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणून, मधला लांब टाका दोन टोकांच्या मध्ये येईल अशा बेताने गाठ मारावी. ही गाठ नेमकी पान ८ आणि ९ च्या मधोमध, शेकरूच्या झाडाच्या बुंध्यावर येते. तिथे आधीच एक ढोली काढून ठेवली, तर ती दिसतही नाही.