घरचे आलू काढायचे कधी? आपल्या नागपूरच्या हिशोबाने

आलू लावणं काही कठीण नाही, दिवाळीच्या आगेमागे मोड आलेले आलू मातीत दाबले की झालं. पंचाईत होते ती काढायच्या वेळी. टमाटर लाल झाला की कळतं, वांग्यावर चकाकी दिसते, आलूचा माल सगळा जमिनीखाली आणि वरून बघणाऱ्याला नुसता पाला.

आधी एक गैरसमज काढून टाका. यूट्यूबवर बरेच जण सांगतात की फुलं आली म्हणजे आलू तयार. ते बहुतेक थंड देशातलं ज्ञान असतं. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे मैदानी भागात आलूला फुलं धड येतच नाहीत, आणि कळ्या आल्या तरी गळून जातात. म्हणूनच तर नव्या जाती तयार करायचं काम सिमल्याजवळच्या कुफरीला होत आलं, तिथे उन्हाळ्यात दिवस मोठे असल्याने झाडं फुलतात, आणि कुफरी ज्योती, कुफरी पुखराज ही नावं त्याच गावावरून पडली. तर फुलांची वाट पाहत बसाल तर होळी येईल, आलू राहतील जमिनीतच.

दिवस मोजायचे असतील तर जात माहीत पाहिजे. पुखराज ७० ते ९० दिवसांत होतो, चंद्रमुखी ८० ते ९०, लाल सालीचा सिंदुरी ११० ते १२० दिवस घेतो. पण आपण घरी लावतो ते बहुतेक कळमन्याच्या बाजारातून किंवा हातगाडीवरून आणलेले आलू, ते कोणत्या जातीचे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून साधारण अडीच महिने झाले की झाडाकडे लक्ष द्यायला लागायचं, बस.

झाडात काय बघायचं? खालची पानं आधी पिवळी पडतात, मग वरची, मग खोडही पिवळं होऊन आडवं पडतं. हे असं खालून वर, सावकाश, सगळ्या झाडांना थोडंफार सोबतच होत असेल तर आलू पिकत आहेत असं समजा. पण जानेवारीत दोन-चार दिवस ढग राहिले आणि पानांवर तपकिरी-काळे डाग आले, त्यात गोल गोल कडी दिसली तर तो करपा आहे, ते पिकणं नव्हे. तेव्हा पाला कापून लांब टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि आलू लगेच न काढता दहा-पंधरा दिवस मातीतच राहू द्या म्हणजे वरच्या मातीत पडलेला रोग काढताना आलूला लागत नाही.

आता खरी परीक्षा, मी तरी हिच्यावरच भरवसा ठेवतो. एका झाडाच्या बाजूची माती बोटांनी सारा, एक आलू हाती येईल तो काढा आणि अंगठ्याने जरा जोर लावून घासा. साल सुटून पातळ पापुद्र्यासारखी अंगठ्याला चिकटली आणि खालचा ओला पिवळसर गर दिसला तर तो कच्चा आहे. कच्चा म्हणजे वाईट नाही बरं, असा नवा आलू सालीसकट मेथीत टाकला तर काय चव येते! पण तो टिकत नाही, आठवड्याभरात सुरकुततो. घासूनही साल हलली नाही म्हणजे पक्का झाला, आता सगळे काढायला हरकत नाही. जेवणापुरते दोन-चार हवे असतील तर असेच बाजूने चोरून काढायचे आणि माती परत झाकायची, झाडाला काही होत नाही.

साल लवकर पक्की व्हावी असं वाटत असेल तर पाणी बंद करा आणि पाला जमिनीलगत विळ्याने कापून टाका, त्यानंतर दहा-बारा दिवस थांबा. उघड्या पडलेल्या आलूंवर मात्र माती ओढा कारण ऊन लागलं की ते हिरवे होतात आणि हिरवा आलू खायचा नाही, कडूही लागतो आणि त्यात विषारी द्रव्य असतं.

हे सगळं पुस्तकातही सापडेल, पण नागपुरात एक गोष्ट वेगळी, ती म्हणजे ऊन. आलू चांगला पोसतो तो रात्री थंड असल्या तर, साधारण १८-२० डिग्री. एकदा पारा तिशीच्या वर राहायला लागला की वाढ जवळपास थांबते, आणि आपल्याकडे ते फेब्रुवारीतच सुरू होतं. त्यात काळी माती वाळली की भेगा पडतात, त्या भेगांतून आलूचा पतंग आत जाऊन अंडी घालतो, अळी आलूत बोगदे करते. म्हणून पाला हिरवा दिसला तरी महाशिवरात्रीच्या सुमाराला सगळं काढून मोकळं व्हा, अजून मोठे होतील या आशेत राहू नका. गच्चीवर काळ्या ग्रो बॅगेत लावले असतील तर त्याही आधी, स्लॅब तापतो आणि बॅग दोन्हीकडून भाजते.

काढायचा दिवस वाफशावर ठरवा, म्हणजे माती ना चिकट ओली ना पार कोरडी असेल तेव्हा. काळी माती ओली असली तर आलूला लिंपून बसते, पार कोरडी झाली तर ढेकळांनी साल खरचटते. खोडापासून वीतभर लांबून कुदळ घाला, जवळ घालाल तर सगळ्यात मोठा आलूच कापला जातो, नेमका तोच. कापलेले आलू त्याच दिवशी भाजीला. बाकीचे धुवायचे नाहीत, माती हाताने झाडा, सावलीत पोत्यावर एका थरात आठ-दहा दिवस पसरा आणि वरून सुती कपडा टाका. मग टोपलीत अंधाऱ्या जागी ठेवा, कांद्यासोबत नको. फ्रिजमध्ये तर मुळीच नको, थंडीने स्टार्चची साखर होते आणि तळताना काळपट पडतात.

चिप्स-कीस करायचा विचार असेल तर साल पक्की झालेलेच आलू बाजूला काढा. कोवळ्या आलूत पाणी आणि साखर जास्त, त्यामुळे वाळवलेला चिप्स कढईत टाकल्याबरोबर लाल होतो. एप्रिलमध्ये गच्चीवर साड्या अंथरून वाळवणाचं काम निघेपर्यंत दर आठवड्याला टोपली उलटी करून बघत जा, एखादा सडका निघाला की लगेच बाहेर.