बारावीनंतर कुठे काय मोजतात: एफसीच्या टेबलावरून

मी कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. जून-जुलैत मात्र आमची ड्युटी लागते ती एफसीवर, म्हणजे प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर. टेबलाच्या पलीकडे मुलगा किंवा मुलगी, शेजारी वडील किंवा मामा, आणि मांडीवर प्लास्टिकची फुगलेली फाइल. "मॅडम, पोराला अठ्ठ्याऐंशी पडल्यात. कराड गव्हर्नमेंटला बसंल का?"

माझा पहिला प्रश्न ठरलेला: अठ्ठ्याऐंशी काय? बारावीचे टक्के, पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे) टक्के, की सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, पर्सेंटाइल? बारावीचा निकाल लागला की गावभर टक्के फिरतात, पण आमच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्यांचं वजन बरंच उतरलेलं असतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात बारावी फक्त पात्र आहात की नाही ते ठरवते, नंबर कितवा ते सीईटी ठरवते, आणि नंबर कुठल्या यादीतून लागणार ते दाखले ठरवतात. ही तीन कामं डोक्यात वेगळी ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं जातं.

आधी पात्रता. खुल्या वर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांत मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 135. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला आणि दिव्यांग उमेदवाराला 40 टक्के, म्हणजे 120. एकूण टक्के इथे कोणी विचारत नाही. एक नमुना मार्कलिस्ट घ्या: इंग्रजी 72, मराठी 82, भूगोल 90, फिजिक्स 42, केमिस्ट्री 45, मॅथ्स 44. बेरीज 375, म्हणजे साडेबासष्ट टक्के. घरात पेढे वाटून झालेले असतात. पण पीसीएमची बेरीज 131 होते आणि खुल्या वर्गातला हा मुलगा चार गुणांनी अपात्र ठरतो, मग सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल का असेना. हेच गुण ओबीसी मुलीचे असते आणि तिचे दाखले पूर्ण असते तर ती आरामात पात्र ठरली असती.

अशा वेळी रडत बसू नका. निकालाच्या दिवसापासून बोर्डाच्या मुदती सुरू होतात, त्या गाठा. पुनर्मूल्यांकन करायचं तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, त्याशिवाय अर्जच होत नाही. छायाप्रत आली की ती विषयाच्या सरांसमोर ठेवा आणि चार गुण कुठे निघतात का ते पाहा. नुसतं नशीब अजमावायला फी भरू नका. दुसरी वाट पुरवणी परीक्षेची आणि श्रेणीसुधारची. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: बायॉलॉजी किंवा आयटी घेतलेलं असेल तर माहितीपुस्तिकेत पात्रतेसाठी कोणते विषय धरतात ती यादी वाचा. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, ती यादी बरीच रुंद केली आहे आणि कधीकधी एखाद्या विषयाने मुलगा तरतो. माहितीपुस्तिका म्हणजे सीईटी सेलच्या वेबसाइटवरची ती लांबलचक पीडीएफ, जी कोणी उघडत नाही. सगळी नको, पण पात्रता, दाखले आणि प्रवेशाच्या फेऱ्यांचे नियम एवढं वाचाच. क्लासवाल्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबणाऱ्यांना दरवर्षी धावपळ करताना बघते.

जेईईवाल्यांसाठी हाच मुद्दा जरा कडक आहे. एनआयटी आणि आयआयटीला बारावीत 75 टक्के (एससी, एसटीला 65) लागतात, नाहीतर आपापल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. 'बोर्डाकडे बघू नको, जेईई कर' असं सांगणारे हे सोयीने विसरतात.

आता पर्सेंटाइल. यावर मी जास्त वेळ घेते, कारण घोळ इथेच होतो. एमएचटी-सीईटीचा पीसीएमचा पेपर 200 गुणांचा. मॅथ्सचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राला पेपर वेगळा. मग सोप्या पेपरवाला आणि अवघड पेपरवाला एका रांगेत कसे आणायचे? त्यासाठी तुमची तुलना फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी करतात. समजा तुमच्या सत्राला 20,000 मुलं बसली आणि त्यातल्या 18,000 मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत. 18,000 भागिले 20,000 गुणिले 100, झाले 90 पर्सेंटाइल. तुम्हाला 200 पैकी किती मिळाले याचा या आकड्याशी थेट संबंध नाही. म्हणूनच 105 गुणवाल्या मैत्रिणीचं पर्सेंटाइल 112 गुणवाल्या मित्रापेक्षा जास्त येऊ शकतं, तिचा पेपर अवघड असेल तर. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. "मॅडम, 90 म्हणजे 200 पैकी 180 ना?" असं विचारणारे वडील दरवर्षी भेटतात. त्यांचा दोष नाही, त्यांच्या काळी टक्के म्हणजे टक्केच होते.

एकूण पर्सेंटाइल दशांशानंतर सात घरांपर्यंत देतात. तरीही दोघं बरोबरीत आलेच, तर आधी मॅथ्सचं पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री. तिथेही सुटलं नाही तर बारावीचे गुण, आणि अगदी शेवटी दहावीचे. गणिताची बाई म्हणून या क्रमाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पर्सेंटाइलवरून कॉलेजचा अंदाज बांधू नका, मेरिट नंबरवरून बांधा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या 88 पर्सेंटाइलचा राज्यातला क्रमांक एकच असेल असं नाही. कटऑफच्या यादीत दोन्ही आकडे छापलेले असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. वरचा बघा, आणि निदान दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून बघा.

ती यादी वाचायची कशी हेही सांगते, कारण ती पहिल्यांदा बघणाऱ्याला गरगरायला होतं. 2025-26 ची यादी उघडली की 'जीओपनएच', 'एलओबीसीओ', 'जीएससीएस' असले शब्द दिसतात. पहिलं अक्षर: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं अक्षर-समूह म्हणजे प्रवर्ग. शेवटचं अक्षर: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरच्या मुलांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीने एलच्या आणि जीच्या दोन्ही ओळी बघायच्या, कारण ती दोन्हीकडे धरली जाते. टीएफडब्ल्यूएस ही ओळ वेगळी. त्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं, आणि जागा थोड्या असल्याने नंबर बराच वर जातो.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे तुमचं घर कुठल्या जिल्ह्यात आहे ते नव्हे, बारावी कुठल्या जिल्ह्यातून केली ते. पाटणचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला राहिला तर तो शिवाजी विद्यापीठाचा राहत नाही, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा होतो. "पण मॅडम, आमचं घर इथंच दिसतंय की," असं म्हणत वडील खिडकीबाहेर बोट दाखवतात. घर दिसतंय हो, पण सॉफ्टवेअरला बारावीचं कॉलेज दिसतं.

आता त्या फाइलकडे येऊ. तिच्यात अबॅकसची लेव्हल असते, चौथीतल्या रंगभरण स्पर्धेचं प्रशस्तिपत्र असतं, तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट असतो, एनसीसी असते, वक्तृत्वाची तर पाच-सहा. आईने एकेक कागद प्लास्टिकच्या कप्प्यात जपून घातलेला असतो. इंजिनिअरिंगच्या मेरिट नंबरमध्ये या सगळ्याचे गुण शून्य. हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. काही गोष्टी आधीच मोजून झालेल्या असतात: दहावीला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ए ग्रेडचे 7, बीचे 5, सीचे 3 गुण मार्कलिस्टमध्ये मिळालेले असतात, आणि खेळाचे वाढीव गुणही बोर्डाकडूनच मिळतात. त्यासाठी प्रस्ताव शाळा-कॉलेजमार्फत वेळेत जावा लागतो, निकालानंतर नाही.

पण हीच फाइल दुसरीकडे कामाला येते. दिल्ली विद्यापीठात 2022 पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीवर, म्हणजे केंद्राच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर, होतात, तरी खेळ आणि कलेसाठी कॉलेजांमध्ये वेगळ्या जागा असतात. तिथे प्रमाणपत्रं तपासतात आणि मैदानावर किंवा मंचावर चाचणी घेतात. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेली मुलगी सातारा-सांगलीत असेल आणि तिला बीए-बीकॉम करायचं असेल तर ही वाट तिला कोणीतरी सांगायला हवी. खाजगी विद्यापीठांपैकी जी मुलाखत घेतात, तीही अशा गोष्टी विचारतात. तिथे फाइल उघडण्यापेक्षा एका गोष्टीवर पाच मिनिटं नीट बोलता येणं जास्त उपयोगी पडतं.

आणि आमच्या भागातल्या लोकांना सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट: बीएस्सी अ‍ॅग्रीला सातबारा चालतो! राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात सीईटी आणि बारावी दोन्हींचे गुण धरतात, आणि शेतकऱ्याच्या मुलाला अधिभार म्हणून वाढीव गुण मिळतात. मात्र नुसता उतारा नेऊन भागत नाही, ठरलेल्या नमुन्यातला तहसीलदारांचा दाखला लागतो. आजोबांच्या नावावर अजून जमीन असेल तर तो घोळ अकरावीतच बघून घ्या.

बाकीच्या शाखा थोडक्यात. आर्किटेक्चरला निम्मं वजन प्रवेश परीक्षेचं आणि निम्मं बारावीचं, त्यामुळे तिथे बारावी खरोखर मोजतात. मेडिकलला नीट, आणि पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) खुल्या वर्गाला 50 व राखीवला 40 टक्के. बीए, बीकॉम, बीएस्सीला बहुतेक कॉलेजं अजून बारावीच्या टक्क्यांवर स्वतःची गुणवत्ता यादी लावतात. बीएमएस, बीबीए, बीसीए 2024-25 पासून सीईटीवर गेले. तेव्हा मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून सीईटी टाळली, म्हणून नाव बघून गृहीत धरू नका, कॉलेजला विचारा.

दाखल्यांबद्दल एकच सांगते: निकालाची वाट बघू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलाने अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की लगेच करायचा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, म्हणजे प्रवेशाच्या वर्षात चालू असलेलं लागतं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा. केंद्राचा वेगळा असतो, आणि जेईईसाठी काढलेला तोच इथे दाखवणारे दरवर्षी येतात. मार्कलिस्टवरचं आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एकदा अक्षर-अक्षर ताडून बघा.

मग राहतो ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीच्या क्रमाने यादी. 300 पर्यंत पर्याय भरता येतात, पण क्रम महत्त्वाचा. 2025-26 च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तर तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे पहिल्या सहा जागांवर फक्त तीच कॉलेजं लिहा जिथे तुम्ही खरोखर जाल. 'लागेल की नाही' या भीतीने जवळचं, हमखास मिळणारं कॉलेज वर टाकलंत तर तेच मिळेल आणि पुढच्या फेऱ्या बंद होतील. मनाजोगं वर, मिळेल असं मध्ये, नक्की मिळेल ते खाली. मोठं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजातला तुमचा नंबर घसरत नाही. ही भीती घालवायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःची ओळ शोधा: प्रवर्ग, बारावीचे गुण, होम युनिव्हर्सिटी, मुलगी असल्याची नोंद. चूक असेल तर तक्रार नोंदवायला दोन-तीन दिवसच मिळतात, अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही. आणि नोंदणीला मोबाइल नंबर घरातल्या माणसाचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि फेरीच्या शेवटच्या संध्याकाळी तो नेमका लग्नाला गेलेला असतो.