वेदनाशामक गोळीनंतर अंगावर पुरळ उठले, तर काय करावे

पाळीतील पोटदुखी, दाढदुखी, गुडघेदुखी किंवा तापातील अंगदुखी यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी बहुतेकांना कोणताही त्रास देत नाही. क्वचित एखाद्याच्या शरीरात मात्र हीच गोळी अशी प्रतिक्रिया घडवते, की भाजल्याप्रमाणे त्वचा सुटू लागते आणि दुखणे जिवावर बेतते. ही प्रतिक्रिया कोणाला येईल हे आधी सांगणे सहसा शक्य नसते. परंतु ती किती लवकर ओळखली गेली आणि गोळी किती लवकर थांबली, यावर रुग्णाचे पुढचे बरेच काही अवलंबून असते.

त्यामुळे तयारी गोळी घेण्यापूर्वीच करावी. गोळ्यांची पट्टी कापताना औषधाचे नाव आणि घटक छापलेला भाग शेवटपर्यंत जपून ठेवावा. दवाखान्यातून पुडीत बांधून सुट्या गोळ्या मिळाल्या, तर त्यांची नावे कागदावर लिहून मागावीत. हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. पट्टीवरील मोठ्या अक्षरांतील नावापेक्षा बारीक अक्षरांतील घटक महत्त्वाचे असतात, कारण एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणे आपल्याकडे नित्याचे आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम ही यांतील नेहमी आढळणारी नावे आहेत. पिरॉक्सिकॅम आणि मेलॉक्सिकॅम ज्या गटात मोडतात, त्या गटात गंभीर प्रतिक्रियेचा धोका इतर वेदनाशामकांपेक्षा अधिक आढळला आहे. मेफेनॅमिक ॲसिडमुळे ‘ड्रेस’ नावाची, पुरळासोबत आतल्या अवयवांनाही इजा करणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला होता. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलबद्दलही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियांचा इशारा दिला. नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन हे तर या बाबतीत वेदनाशामकांहूनही अधिक जपून घेण्याचे औषध आहे.

गोळी सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण निदान बरेचसे तारखांच्या हिशेबावर चालते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे हे काही मिनिटांत ते काही तासांत होते. त्यासोबत श्वास कोंडला, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. याउलट स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा त्वचा सुटण्याचा सर्वांत भीतीदायक विकार पहिल्या गोळीनंतर साधारण ४ ते २८ दिवसांनी डोके वर काढतो, आणि ‘ड्रेस’ची प्रतिक्रिया तर २ ते ८ आठवड्यांनी दिसते. तोपर्यंत गोळी संपलेली असते आणि तिचा विसरही पडलेला असतो. येथे आणखी एक गफलत होते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची सुरुवातच ताप, घसादुखी आणि अंगदुखीने होते. रुग्ण त्यासाठी दुसरी गोळी घेतो आणि पुरळ उठल्यावर दोष त्या कालच्या गोळीला दिला जातो. म्हणून मागील दोन महिन्यांत घेतलेले प्रत्येक औषध, काढे आणि चूर्णांसह, यादीत असले पाहिजे.

साधे पुरळ खाजते. धोक्याचे पुरळ दुखते. हा फरक प्रत्येक वेळी लागू पडतो असे नाही, पण घरच्यांनी लक्षात ठेवावा असाच तो आहे. ताप, डोळ्यांची आग व लाली, तोंडात आणि ओठांवर फोड, गिळताना वेदना, लघवीच्या जागी जखमा, छातीवर व चेहऱ्यावर काळपट-लाल चट्टे, चोळताच सुटणारी त्वचा, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. चेहरा सुजणे, गाठी येणे आणि कावीळ ही ‘ड्रेस’ची चिन्हे आहेत, यात यकृतालाही इजा होते. ‘गोळी गरम पडली’, ‘अंगातील उष्णता बाहेर पडते आहे’, ‘तोंड आले आहे’ किंवा ‘कांजिण्या असतील’ असे म्हणत घालवलेले दोन दिवस या आजारात फार महाग पडतात.

निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी बंद करावी. फिट्स, रक्तदाब किंवा मधुमेहाचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद न करता, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा. फोड फोडू नयेत. हळद, तूप, टूथपेस्ट किंवा घरातले कोणतेही मलम लावू नये. स्वच्छ, मऊ सुती चादरीत रुग्णाला सैल गुंडाळावे, अंगावर चिकटपट्टी लावू नये आणि गोळ्यांच्या सर्व पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. रुग्णालयात अतिदक्षता किंवा भाजलेल्या रुग्णांसाठीचा विभाग आहे का, याची चौकशी फोनवरून आधीच करावी.

त्वचा शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर सुटली असेल, तर त्यास स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. ३० टक्क्यांपुढे गेली, तर ‘टेन’ (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि त्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे तीनात एक इतके असते. उपचारांचा मुख्य भाग म्हणजे सलाईन, जंतुसंसर्गापासून बचाव आणि वेदनांवर नियंत्रण. सुटलेली त्वचा अंथरुणाला चिकटू नये म्हणून देशातील काही रुग्णालयांत केळीचे निर्जंतुक पानही वापरतात. डोळ्यांच्या तज्ज्ञाने पहिल्याच दिवशी रुग्ण पाहावा, असा आग्रह नातेवाइकांनी अवश्य धरावा. त्वचा भरून येते, परंतु दुर्लक्षित डोळ्यांत पापण्या आतून चिकटू शकतात आणि दृष्टी कायमची अधू होते.

प्रत्येक वेळी गोळी घेतल्यावर ओठावर किंवा त्वचेच्या ठरावीक जागीच गोल, काळसर डाग उमटत असेल, तर तीही औषधाचीच प्रतिक्रिया असते. ती बहुधा सौम्य असली, तरी तीच गोळी पुन्हा पुन्हा घेतल्यास डाग वाढून फोड येऊ शकतात.

बरे झाल्यावर दोषी औषधाचे घटकनाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरला ते दाखवावे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे म्हणून चालत नाही, आणि ‘थोडेसे घेऊन पाहू’ हा प्रयोग घरी कधीही करू नये. पर्यायी वेदनाशामक वेगळ्या रासायनिक गटातील असावे लागते. ते त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवावे. घटनेची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात, आणि त्यासाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे.