कार्बन क्रेडिटसाठी झाडे लावताना या चुका टाळा

शेतात झाडे लावा आणि वर्षानुवर्षे पैसे मिळवा, असे सांगणारे कंपन्यांचे प्रतिनिधी आता गावोगावी येऊ लागले आहेत. कल्पना खोटी नाही. परंतु हा मोबदला झाड लावल्याबद्दल नसून, त्या झाडाने साठवलेल्या आणि तपासणीत सिद्ध झालेल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल असतो, हे सही करताना अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पहिली चूक हिशेबाची असते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड साठवल्याची विकता येणारी नोंद. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बनमागे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. म्हणजे मुळांसकट ज्याचे कोरडे वजन १०० किलो भरते, त्या झाडाने सुमारे १८३ किलो वायू साठवलेला असतो. एका क्रेडिटला अशी पाच-सहा झाडे लागतात आणि रोपाला तेवढे वजन धरायला वर्षे जातात. त्यातून पडताळणीचा खर्च, कंपनीचा वाटा आणि आग किंवा रोगाच्या जोखमीसाठी राखून ठेवलेला हिस्सा वजा होतो. म्हणून प्रतिझाड ठरावीक रकमेचे आश्वासन मिळाल्यास, ती रक्कम कोणत्या वर्षी, कोणत्या दराने आणि कोणत्या वजावटीनंतर मिळणार, हे लेखी मागावे.

दुसरी चूक अधिक नुकसानकारक आहे. बांधावर आधीपासून उभी असलेली बाभूळ, कडुलिंब किंवा आंबा मोजणीत धरले जात नाहीत, कारण पैसे प्रकल्पामुळे झालेल्या वाढीचे असतात. ही अट कळल्यावर जुनी झाडे तोडून नवी रोपे लावण्याचा मोह कोणीही धरू नये. नैसर्गिक झाडोरा साफ केलेली जमीन व्हेरासारख्या, कार्बन क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार दहा वर्षे अपात्र ठरू शकते. आणि पक्ष्यांचा, सावलीचा, मातीचा जो आधार गेला, तो कोणत्याही क्रेडिटने परत येत नाही.

सातबाऱ्यावर वडिलांचे नाव तसेच राहिले असेल, तर आधी वारस नोंद करून घ्यावी. सामाईक गट असल्यास प्रत्येक खातेदाराचे संमतीपत्र हवे. तोच गट दोन प्रकल्पांत नोंदवल्यास दोन्हीकडचा दावा अडकतो.

रोपे मेली, तर ते लपवू नये. पुढच्या पावसाळ्यात नांग्या भराव्यात आणि तारीख व स्थाननोंद असलेली छायाचित्रे जपून ठेवावीत. सागवान लावणाऱ्यांनी तोडीच्या परवानगीचा कायदा आणि कराराची मुदत यांचा मेळ आधीच घालावा, कारण मुदतीपूर्वी तोडलेले झाड हिशेबातून वजा होते.

केंद्र सरकारचा २०२३ चा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम वेगळा आहे. त्यातील वृक्षलागवडीची २०२४ ची कार्यपद्धती वन विभागाच्या ताब्यातील अवनत, म्हणजे निकृष्ट झालेल्या, जमिनीसाठी होती. त्या नावाने खाजगी शेताचा करार कोणी पुढे केल्यास सावध व्हावे.

व्हेराने २०२४ मध्ये चीनमधील भातशेतीचे ३७ प्रकल्प नाकारले. आपला प्रकल्प असा नाकारला गेल्यास रोपांचा आणि मजुरीचा खर्च कोण सोसणार, हे कलम करारात मराठीत लिहून घ्यावे आणि सहीची प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्यावी.