काळ्या गाडीवरचे स्वर्ल मार्क्स: घालवायचे कसे आणि परत येऊ नयेत म्हणून काय करायचं

स्वर्ल मार्क्स रस्त्यावर पडत नाहीत. एक्सप्रेसवेवर गाडी कितीही पळवा, फार तर पुढच्या ट्रकचा खडा लागून टवका उडेल, पण बॉनेटवर ट्यूबच्या नाहीतर उन्हाच्या उजेडाभोवती ती जी बारीक रेघांची गोल गोल जाळी दिसते ना, तेच हे स्वर्ल, आणि ती जाळी पार्किंगमध्ये पडते, रोज सकाळी, फडक्याने. म्हणून आधीच सांगतो, पॉलिशचं सामान मागवायच्या आधी गाडी पुसायची सवय बदला, नाहीतर पॉलिश करून महिनाभरात परत तीच जाळी, आणि प्रत्येक पॉलिशला थोडा पेंट कायमचा जातो ते वेगळंच.

पेंट जातो म्हणजे काय तर कंपनीचा पेंट प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो आणि त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, आपला डोक्यावरचा केस ७० धरला तर त्याहून पातळ. स्वर्ल या क्लिअर कोटमध्येच असतात, खालच्या काळ्या रंगाला काही झालेलं नसतं. त्या रेघा गोलही नसतात बरं का, सगळ्या दिशांना वेड्यावाकड्या असतात, पण उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात म्हणून बल्बभोवती वर्तुळं दिसतात. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवरही एवढ्याच रेघा असतात, फक्त काळ्यावर लपायला जागा नसते.

आता पुसण्याचं. सोसायटीत जे दादा गाड्या पुसतात त्यांच्याकडे एक बादली, एक फडकं आणि दोन तासांत वीस-पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीच्या चाकाची माती त्याच फडक्याने पाचव्या गाडीच्या छतावर जाते. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कामाचे पैसे गाडी चकचकीत दिसली की मिळतात. मी आमच्या दादांना सांगितलं की आमची गाडी पुसू नका, फक्त काचा आणि चाकं करा, पैसे तेवढेच घ्या. तर ते म्हणाले, "साहेब, धुळीची गाडी बघून बाकीचे लोक म्हणतील मी कामच करत नाही." बरोबर आहे त्यांचं, मग मी वायपरखाली चिठ्ठी लावली, "बॉडीला हात लावू नये". शेजारचे हसले, पण उपयोग झाला. तुम्हीही हेच करा, भांडू नका, पैसे कापू नका, काम बदलून द्या.

कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं हे पहिल्या नंबरचं पाप. दुसरा नंबर धूळ झटकायच्या त्या झुपकेदार डस्टरचा, तो दिसायला मऊ असतो पण पुण्यात जिकडे तिकडे बांधकाम आणि खोदकाम, त्या धुळीत बारीक रेती असते आणि डस्टर ती पेंटवरून ओढत नेतो. तिसरा नंबर धुळीच्या गाडीवर घातलेल्या कव्हरचा, वारा आला की कव्हर दिवसभर घासत बसतं. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशबद्दल तर बोलायलाच नको. आणि नवीन गाडी घेत असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या की डिलिव्हरीच्या आधी गाडी धुवायची नाही, पुसायची नाही, पॉलिश मारायचं नाही, प्लॅस्टिक तसंच राहू दे, मी काढेन. सेल्सवाले जरा विचित्र नजरेने बघतील, बघू द्या.

धुवायचं कसं?

बंगला असेल, नळी असेल, प्रेशर वॉशर असेल तर दोन बादल्यांची पद्धत. सावलीत आणि बॉनेट गार झाल्यावरच, काळी गाडी उन्हात इतकी तापते की शॅम्पू जागेवर वाळतो. आधी चाकं, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. मग नुसत्या पाण्याने वरून खाली माती सोडवायची, फोम असेल तर मारून चार-पाच मिनिटं थांबायचं आणि परत पाणी. हात न लावता जितकी घाण जाईल तितकी कमाई. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाला जाळी म्हणजे रेती खाली बसते, मायक्रोफायबरचा मिट (हातमोजा) शॅम्पूत बुडवून एक पॅनल सरळ रेषेत हलक्या हाताने धुवायचा, मिट साध्या पाण्यात खंगाळायचा, मग परत शॅम्पूत. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि बंपर व दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी कारण खरी माती तिथेच असते. स्पंज नको, रेती त्याच्या पृष्ठभागावरच राहते आणि पेंटवर घासते. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो.

फ्लॅटवाल्यांकडे नळी नसते, पार्किंगमध्ये पाणी सांडलं की सेक्रेटरी हजर. त्यांच्यासाठी रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी ओतून धुवावं न लागणारं लिक्विड, हे वरदान आहे आणि मला विचाराल तर मुंबई-पुण्यात हीच पद्धत जास्त कामाची. ऑप्टिमम नो रिन्स किंवा तसलं दुसरं काही घ्या, ऑप्टिममचं प्रमाण २५६ ला १ आहे म्हणजे १० लिटरच्या बादलीला ४० मिलीच्या आसपास. झाडांवर औषध फवारायचा दोन लिटरचा पंप मिळतो ना, त्यात हेच पाणी भरून एकेक पॅनल चिंब भिजवायचा, मिनिटभर थांबायचं, मग बादलीतला भिजलेला मायक्रोफायबर टॉवेल चार घड्या करून एका दिशेने ओढायचा, प्रत्येक ओढीला नवी बाजू, आणि वापरलेला टॉवेल परत बादलीत टाकायचा नाही. आठ-दहा टॉवेल लागतात, एका बादलीत गाडी होते. पण पावसाळ्यात गडावरून चिखलाने माखून आलात तर हे चालणार नाही, तेव्हा आधी कुठेतरी पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्याच.

पुसायला मोठा जाड ड्रायिंग टॉवेल, तो पेंटवर पसरून ठेवायचा आणि उचलायचा, चोळायचा नाही. बोअरचं पाणी असेल तर वाळू द्यायचं नाही, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि काळ्यावर ते स्वर्लपेक्षा जास्त डोळ्यात खुपतात. टॉवेलची लेबलं कात्रीने कापून टाका, ती घासतात. धुताना लिक्विड डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनर बिलकुल नाही, आणि घरातल्या सुती कपड्यांबरोबर नाही. जमिनीवर पडलेला टॉवेल परत पेंटला लावायचा नाही, तो चाकांच्या ढिगात गेला.

असं दोनेक महिने केलंत, सवय बसली, की मग पॉलिश.

आधी ठरवा काय जाणार आणि काय नाही. रेघेवरून नख फिरवा, नख अडकलं तर ती खोल आहे, तिच्या मागे लागू नका, थोडी बोथट करून सोडून द्या. गाडी धुवून झाली की प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून पेंटवरून फिरवा, खरखर लागली तर क्ले करावं लागेल, म्हणजे पेंटला चिकटून बसलेली घाण मातीसारख्या मऊ वडीने ओढून काढायची, भरपूर ल्युब्रिकंट (निसरडं लिक्विड) मारून, हलक्या हाताने, क्ले मळला की घडी बदलून. क्लेनेही काळ्यावर बारीक ओरखडे पडतात म्हणून तो पॉलिशच्या आधीच, उगाच दर महिन्याला नाही. मग कडा, बॉडी लाइन्स, रबर आणि काळ्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेप, कारण कडेवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथेच सगळ्यात आधी पेंट खातं.

मशीन डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घ्या, त्यात पॅड फिरतो आणि डोलतोही, भाड्याने किंवा मित्राचं चालेल. रोटरी, म्हणजे पॅड जागच्या जागी नुसता गरगर फिरवणारं मशीन, नवख्याने हातात घेऊ नये. गॅरेजवाले जे "रबिंग मारून देतो साहेब" म्हणतात ते बहुतेक वेळा रोटरीवर लोकरीचा पॅड लावून केलेलं असतं, संध्याकाळी ट्यूबखाली गाडी झकास दिसते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटवर लांबट ढगाळ पट्टे दिसतात जे तुम्ही चालाल तसे सरकतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. काही ठिकाणी तेलकट ग्लेझ भरून रेघा नुसत्या झाकतात, दोन-तीन धुण्यांत परत वर येतात.

बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखा, हा टेस्ट स्पॉट. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन बंद ठेवून चौकोनात टेकवत पसरवा, मग स्पीड १-२ वर हलकं फिरवा, मग ४-५ वर, सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश, आधी आडवं मग उभं, निम्मं निम्मं झाकत चार ते सहा फेऱ्या. मशीनच्या प्लेटवर कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा, पॅड फिरतोय का ते कळतं, रेघ थांबली म्हणजे तुम्ही फार दाबताय किंवा पॅड तिरका झालाय. पुसून काढा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात पातळ करून फवारा आणि परत पुसा म्हणजे पॉलिशचं तेल जाऊन खरं काय उरलंय ते दिसतं, आणि टॉर्च तिरकी धरून बघा. गेले? संपलं, सगळ्या गाडीला हेच. नाही गेले तर आधी थोडा कडक पॅड लावा, तरी नाही गेले तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड सहज मिळतं. कंपाउंडनंतर काळ्यावर हलकी धुरकट झाक येऊ शकते, घाबरू नका, ती फिनिशिंग पॉलिशने जाते, पण ती दुसरी पायरी टाळायची नाही.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. पॅनलला हाताची मागची बाजू लावून बघत राहा, चटका बसायला लागला तर थांबा. जुन्या किंवा परत पेंट केलेल्या गाडीवर पॅड काळा व्हायला लागला तर समजा क्लिअर कोट नाही किंवा संपलाय, तिथेच थांबा आणि पेंटवाल्याला दाखवा. शंभर टक्के रेघा घालवायचा हट्ट करू नका, ८० टक्के गेल्या तरी गाडी ओळखू येत नाही, आणि उरलेला क्लिअर कोट पुढच्या वर्षांसाठी लागणार आहे. दारांमधल्या त्या चकचकीत पियानो ब्लॅक पट्ट्यांना मशीन लावू नका, प्लॅस्टिक आहे, चटकन तापतं, हाताने करा.

वरून काय लावायचं यावर लोक तावातावाने भांडतात. वॅक्स काही आठवडे टिकतं, सीलंट (कृत्रिम वॅक्स) काही महिने, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. सिरॅमिकने घाण कमी चिकटते, पाणी घसरतं, म्हणजे धुताना कमी घासावं लागतं, फायदा एवढाच. ते ९एच वगैरे जे सांगतात तो पेन्सिलच्या कडकपणाचा स्केल आहे, हिऱ्याचा नाही, रोजचं फडकं त्यालाही पुरून उरतं. आणि कोटिंग स्वर्लच्या वरून लावलं तर स्वर्ल त्याखाली तसेच राहतात. खरं संरक्षण पीपीएफचं (पेंट प्रोटेक्शन फिल्म), १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म, चांगल्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने भरून येतात, पण खर्च मोठा आहे, बजेट नसेल तर फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला करून घ्या.

दसऱ्याचं वेगळं सांगतो कारण दरवर्षी तिथेच घोळ होतो. हार तारेने बांधू नका, सुतळीने ग्रिलवर बांधा, बॉनेटवर लोंबकळत ठेवू नका. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढायचाच असेल तर कुंकू पाण्यात कालवून बोटाने हलका काढा, किंवा आईला नंबर प्लेटवर टिळा लावायला पटवा, आमच्याकडे पटली. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, त्यात रंग असतो आणि उन्हात डाग धरतो. काढताना कोरडं पुसायचं नाही, आधी पाणी ओतायचं, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मग शॅम्पूच्या मिटने. झेंडूच्या पाकळ्या हाताने उचला, वाळलेल्या देठांवरून फडकं ओढू नका. आणि नारळ चाकासमोर फोडा, गाडीपासून चार हात लांब.