थंडीपूर्वी माशांच्या खाद्यात प्रीबायोटिक: विदर्भातील शेततळ्यांसाठी सल्ला

पावसाळा ओसरला आहे, शेततळी भरलेली आहेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेल्या बोटुकलीचे (बोटाएवढ्या पिलांचे) मासे अनेक ठिकाणी १०० ते १५० ग्रॅमपर्यंत पोहोचले आहेत. नोव्हेंबरच्या मध्यानंतर विदर्भातील रात्री थंड होऊ लागतात आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की रोहू, कटला व मृगळ यांची भूक मंदावते. म्हणूनच पुढील सहा आठवडे वाढीसाठी मोलाचे आहेत, आणि खाद्यात प्रीबायोटिक द्यायचे असेल तर ते याच काळात द्यावे.

प्रीबायोटिक हे औषध नव्हे. जिवंत उपयुक्त जिवाणूंची जी पुडी मिळते ती प्रोबायोटिक; प्रीबायोटिक हे त्या जिवाणूंचे अन्न होय. हे शर्करायुक्त घटक मासा स्वतः पचवू शकत नाही, परंतु आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्यांना आंबवतात व त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. रोहू, कटला, मृगळ अशा कार्प जातीच्या माशांना जठर नसते, सारे पचन लांब आतड्यातच होते, त्यामुळे आतडे निरोगी राहणे त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाचे ठरते. बाजारात मिळणाऱ्या घटकांपैकी मॅनन ऑलिगोसॅकराइड यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून बनते. काही रोगकारक जिवाणू आतड्याला चिकटण्याऐवजी या घटकाला चिकटतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. चिकोरीच्या मुळांतील इन्युलिन हा दुसरा परिचित घटक आहे. लसणातही तशाच प्रकारची शर्करा असते, मात्र ठेचलेला लसूण खाद्यात मिसळल्याने नेमकी मात्रा साधत नाही.

हा खर्च सर्वांनी करावा असे आमचे मत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीतील विस्तीर्ण मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासे प्रामुख्याने पाण्यातील नैसर्गिक प्लवंगांवर, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांवर, वाढतात. तेथे खाद्यात काही मिसळून देणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणेच आहे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात आणि पिंजऱ्यात मात्र नैसर्गिक अन्न अपुरे असते व मासा आपण दिलेल्या खाद्यावरच अवलंबून असतो, म्हणून खरा उपयोग तेथेच आहे.

मॅनन ऑलिगोसॅकराइडची मात्रा सामान्यतः प्रतिकिलो खाद्यास २ ते ४ ग्रॅम ठेवतात. उत्पादनाच्या वेष्टनावर वेगळी मात्रा दिली असल्यास तीच पाळावी. हिशेब सोपा आहे. तळ्यात सरासरी १५० ग्रॅमचे २,००० मासे असतील तर एकूण वजन ३०० किलो होते. वजनाच्या २ टक्के म्हणजे रोज ६ किलो खाद्य लागते आणि ३ ग्रॅम मात्रेने रोज १८ ग्रॅम पूरक (म्हणजे हे प्रीबायोटिक) पुरते. मासे वाढतील तसे खाद्य वाढेल हे धरूनही सहा आठवड्यांत किलोभराच्या आसपासच खर्ची पडेल. जास्त दिल्याने जास्त लाभ होत नाही, उलट आतड्यातील समतोल बिघडू शकतो.

भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समप्रमाणात मळून खाद्य करणाऱ्यांनी पूरक आधी थोड्या कोरड्या कोंड्यात नीट एकजीव करावे आणि मग ते सर्व मिश्रणात घालावे. तयार गोळी वापरत असल्यास पूरक पातळ गार पेजेत कालवून गोळ्यांवर शिंपडावे, सावलीत वाळवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे, कारण ओलसर खाद्याला बुरशी लवकर लागते. पेंडेचे खाद्य छिद्रे पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधल्यास नासाडी कमी होते. थंडीत खाद्य पहाटे न देता ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या सुमारास द्यावे. ढगाळ दिवशी ते कमी करावे किंवा टाळावे.

पाण्यातील विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर आधी पाणी सुधारावे. दमलेल्या माशाला कोणतेही पूरक उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात अंगावर लाल व्रण दिसू लागले तर प्रीबायोटिकवर विसंबून दिवस घालवू नयेत. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी किंवा नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाशी तत्काळ संपर्क साधावा. वेष्टनावर घटक लिहिलेले नसतील ती पुडी घेऊ नये. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांचा मत्स्यपालनात वापर करण्यास बंदी आहे आणि प्रतिजैविके आतड्यातील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात.

दोन शेततळी असतील तर एकातच पूरक द्यावे, दुसऱ्यात तेच खाद्य पूरकाशिवाय द्यावे आणि दर १५ दिवसांनी दोन्हींत फेकजाळे टाकून २०-२५ माशांचे सरासरी वजन वहीत लिहावे. फरक दिसला तरच पुढील हंगामासाठी पूरक विकत घ्यावे.