वस्तू बनवायच्या साहित्याचे (मटेरियलचे) प्रयोग फसतात कुठे? या चुका टाळा

आगरपासून (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पुडीपासून) बनवलेलं जैवप्लास्टिक साच्यातून निघतं तेव्हा सगळा वर्ग हरखतो. चार दिवसांनी त्याच्या कडा वळतात, ते तडकतं, मग विद्यार्थी रेसिपीला दोष देतात. माझ्या मते दोष बहुधा रेसिपीचा नसतो, नोंदीचा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच खेपेत आगर, पाणी, ग्लिसरीन सगळंच बदलणं. मग फरक कशाने पडला हे कळायला मार्गच उरत नाही. एका वेळी एकच घटक बदला. अंदाजाने चमचे टाकू नका, काट्यावर तोला. नमुन्यावर लगेच चिठ्ठी लावा: आगर ४ ग्रॅम, ग्लिसरीन २ ग्रॅम, पाणी १०० मिली, जाडी ३ मिमी, तारीख. आणि बिघडलेला नमुना कृपा करून टाकून देऊ नका, पुढच्या खेपेला काय बदलायचं ते त्याच्याकडेच पाहून कळतं.

तुकडा ठिसूळ झाला? ग्लिसरीन थोडं वाढवा. हाताला चिकटतोय? कमी करा, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट दिवसांत हा त्रास वाढतोच. कडा वळल्या तर वरची बाजू आधी सुकून आकसली असं समजा. पातळ ओता, घट्ट झाल्यावर जाळीवर ठेवा, अधूनमधून उलटा. जाड थर आतून ओलाच राहतो, मग बुरशी धरते. आगरच्या गुठळ्या दिसल्या तर ते नीट उकळलेलं नाही. आगरऐवजी जिलेटिन वापरलं तर मात्र उलट: ते फार उकळलं की त्याची पकड जाते.

बुरशीच्या तंतूंपासून साहित्य वाढवताना हिरवा डाग दिसला, तर दुसरीच बुरशी शिरली आहे. ती पिशवी वर्गात उघडू नका, तशीच बाहेर न्या. पुढच्या वेळी बुरशी ज्यावर वाढवता तो भुसा नीट निर्जंतुक करा.

'नैसर्गिक' या शब्दावर विसंबणं हीसुद्धा चूकच, आणि ती मला जास्त खुपते. तागाच्या धाग्यांवर इपॉक्सी (कडक होणारी कृत्रिम राळ) ओतलं की ते साहित्य मातीत कुजत नाही, पुनर्वापरासाठी वेगळंही करता येत नाही. पीएलए (मका-उसासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक) सुद्धा घरच्या कंपोस्टमध्ये सहसा कुजत नाही. त्याला सुमारे ६० अंश सेल्सिअसची औद्योगिक कंपोस्टिंगची सोय लागते.

शेवटची चूक घाईची: आधी 'दिवा करायचा' असं ठरवून साहित्य त्यात कोंबणं. बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिक्षक योझेफ आल्बेर्स विद्यार्थ्यांच्या हाती साधा कागद देत आणि काही वाया न घालवता तो काय करू शकतो ते शोधायला लावत. पहिला आठवडा नुसतं वाकवा, भिजवा, फाडा, जाळीवर वाळवा. वस्तू काय करायची ते दुसऱ्या आठवड्यात ठरवा.